नमस्काराचा सांधा

सांधा दिसला की काम फसलं, हे मी चाळीस वर्षं सांगत आलेय. पँट आखूड करा, कोटाची बाही बदला, काहीही करा. जुनी शिवण कुठली आणि नवी कुठली हे गिऱ्हाइकाला कळायला लागलं, तर मग त्याने घरीच नाही का टाके घालायचे? गुनसान शहरातल्या जुन्या बाजारामागे माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या हातचा सांधा आजवर कुणाला दिसलेला नाही. हे मी फुशारकी मारायला म्हणून सांगत नाहीये. पुढे जो घोळ झाला, तो ह्याच गुणामुळे झाला, म्हणून सांगतेय.

तोच नियम मी संगणकावर लावते. मी हलती चित्रं करते, जिफ म्हणतात ना, ती. व्हिडिओतले दोन-तीन सेकंद कापायचे आणि शेवट सुरुवातीला जोडायचा, की चित्रातला माणूस आपोआप हलत राहतो. बटण दाबायला नको, थांबवायला नको. लोकांना वाटतं, काय त्यात, कापलं आणि चिकटवलं. अहो, चिकटवलेलं दिसतं! माणूस हसता हसता मध्येच टुणकन उडी मारतो. शिवाय व्हिडिओत लाखो रंग असतात आणि जिफमध्ये मोजून दोनशे छप्पन. तेवढ्यात गाल, घाम, मागचा पडदा सगळं बसवायचं. नाहीतर गालावर नकाशासारखे पट्टे उमटतात.

ही चित्रं कुणाची? प्यो सान्होची, दुसऱ्या कुणाची! जुन्या वळणाची, मध्येच हुंदका देऊन म्हणायची गाणी म्हणतो. फार मोठं नाव नाही त्याचं, पण आम्हा बायकांना पुरेसं आहे. आम्ही पोपटी जॅकिटं घालून त्याच्या कार्यक्रमांना जातो. ऑनलाइन आमचा क्लब आहे, तिथे माझी चित्रं लागतात. दुसऱ्या गायकांच्या चाहत्या बायका ती चोरतात, कोपऱ्यातलं माझं नाव कापून! देव त्यांचं भलं करो. आमचे हे बस चालवायचे, आता निवृत्त आहेत. मी संगणकासमोर बसले की सान्होवरून चिडवत दारातून विचारतात, "काय म्हणतायत जावई आज?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतात," मी म्हणते.

तर क्लबातली सगळ्यात मोठी म्हणजे ग्वाकअक्का. वय चौऱ्याऐंशी. बाजारात पन्नास वर्षं सुके बोंबील-मांदेली विकली, नवऱ्यामागे तीन पोरं वाढवली. कार्यक्रमाला बसमधून जाताना सगळ्यांच्या तोंडात सुकी मासळी कोंबत फिरायची आणि कुणी नको म्हटलं की म्हणायची, "खा, घसा बसला तर ओरडणार कशी?" मला माझ्या आईने कधी 'शाबास' म्हटलं नाही. अक्काने म्हटलं. माझं पहिलं चित्र, पट्टेवालं, उडी मारणारं, तिने डोळ्याशी नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "सुकजे, तू ह्याला जिवंत केलंस गं." तेवढ्यावर मी सहा वर्षं काढली.

ही अक्का माघात न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या दिवशी उठवून बसवा, पाचव्या दिवशी उभं करा. अक्का दहाव्या दिवशीही आडवीच. भिंतीकडे तोंड. सून हेरान काकुळतीला आली. रोज पेज भरवायची, रोज हात जोडायची. शेवटी तिने मला फोन केला.

"मावशी, डॉक्टर म्हणतात, अशाच पडून राहिल्या तर छातीत कफ भरेल. दोन महिनेसुद्धा काढणार नाहीत. आणि ह्या म्हणतात, पुरे झालं, एवढं जगले ते काय कमी आहे?"

"दुखतंय का फार?"

"दुखण्याचं नाही हो. मनच नाही."

मी लगेच ओकजूला गाठलं. मो ओकजू आमच्या क्लबाची अध्यक्ष. आधी शाळेच्या कचेरीत होती, त्यामुळे जगात सगळे आपले विद्यार्थी आहेत असं तिला वाटतं. पण कामाला वाघ. नदीपलीकडे सोचनला मासळीची जत्रा होती, तिथे सान्हो गाणार होता. ओकजूने काय केलं असेल? सरळ मंचामागे गेली आणि त्याच्या हातात चिठ्ठी दिली.

आणि त्या पोराने, बाई, काय करावं! तिसरं गाणं संपल्यावर माईक खाली ठेवला. निळसर रेशमी पारंपरिक झगा होता अंगात, तो सावरला आणि ओकजूच्या फोनकडे तोंड करून भर मंचावर गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ खाली लावलं. मोठा नमस्कार! आजीने वाढवलेलं पोर आहे ते. म्हणाला, "ग्वाकआजी, उठून बसा." आमच्या बायका हमसून हमसून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

आता हा नमस्कार अक्कापर्यंत पोचवायचा कसा? अक्काचा फोन जुना, बोटं मासळी सोलून सोलून राठ झालेली. व्हिडिओ पाठवला की तिचं बोट लागून तो बंद तरी पडतो, नाहीतर कुणाला तरी फोन लागतो. म्हणून ठरलं, सुकजाने हलतं चित्र करायचं. काही दाबायला नको. फोन समोर धरला की सान्हो नमस्कार करतोय.

दोन दिवस मी दुकान अर्धं मिटून बसले. शिक्षक मंडळींच्या सहा पँटी टांगून राहिल्या, राहू देत म्हटलं. ओकजूचा हात थरथरलेला, त्यामुळे सान्हो समुद्रात असल्यासारखा डुलत होता. आधी एकेक फ्रेम धरून त्याला स्थिर केलं. पुढे कुणीतरी कुरळ्या केसांची बया उभी होती, तिचं डोकं कापलं. झग्याचा निळा रंग म्हणजे तर छळ! पट्टे, पट्टे, नुसते पट्टे. शेवटी मागच्या पडद्याचे रंग कमी केले आणि वाचलेले सगळे झग्याला दिले. मग सांधा. सुरुवातीला उभा असताना त्याची डावी बाही दुमडलेली होती, नमस्कारातून वर येताना मोकळी. ती बाही मी अकरा फ्रेममध्ये हळूहळू दुमडत आणली. झालं! उभा आहे, बसतो, वाकतो, उठतो, उभा आहे. कुठे सुरू, कुठे संपलं, देवालाही कळू नये.

ओकजूने भिंग लावून पाहिलं. "सुकजा, ह्यात चूक काढायची म्हटलं तरी सापडत नाही गं."

ती असं म्हणाली म्हणजे काय ते मला विचारा. क्लबात लावलं तर बायकांनी डोक्यावर घेतलं. हेरानने ते अक्काच्या फोनवर घेतलं आणि मी त्या दिवशी घरी डुकराचं मटण परतून ह्यांना वाढलं, न मागता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेरानचा फोन. "मावशी, येता का? आत्ता या."

मला वाटलं, अक्का उठून बसली! पोपटी जॅकीट चढवून धावत गेले. खोलीत पाहते तर अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली, फोन पालथा. पेजेचा वाडगा भरलेला तसाच. शेजारच्या खाटेवर बुआन गावची एक म्हातारी होती, मोडक्या मनगटाची. ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मी खून करून आलेय.

"अक्का, काय झालं?"

अक्काने मान वळवली. "सुकजे, खरं सांग. मी मेले का?"

"काहीतरीच काय!"

"नाही, मेले असेन तर सांग. मला सांगायचं कुणाचं तरी राहून गेलं असेल."

"अक्का, असं का बोलता?"

बुआनची म्हातारी मध्ये पडली. "काय वेडीबिडी आहेस का गं तू? मी इथनं मोजले. एक झाला. म्हटलं, वा, काय संस्कार आहेत पोराचे. मग दुसरा घातला! जित्या माणसाला दोन नमस्कार कुणी घालतं का? माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. मी ओरडले, अगो बाई, ह्यांचं आटोपलं वाटतं!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे लहान पोराला विचारा, तेही सांगेल: जिवंत माणसाला नमस्कार एक, मेलेल्याला दोन. सासऱ्यांना मी दोन घातले, आईला दोन घातले. क्लबातल्या हजार बायकांनी ते चित्र पाहिलं आणि एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. कारण सगळ्या आपापल्या खुर्चीत धडधाकट बसलेल्या! खाटेवर पडलेल्या बाईला काय दिसेल, हा विचारच कुणी केला नाही. आणि मी? मी तर बाही दुमडण्यात गुंग. सांधा थोडा जरी दिसला असता, सान्होने थोडी जरी उडी मारली असती, तरी कळलं असतं की बाबा, हा तोच नमस्कार परत दिसतोय. पण नाही! माझं काम बिनचूक. त्यामुळे तो एकामागून एक घालतच सुटला.

"अक्का, ते यंत्र आहे हो. एकच नमस्कार आहे, तोच फिरून फिरून..."

"मला शिकवतेस? चित्र आहे ते कळतं मला. म्हातारी आहे, खुळी नाही. पण तुला दोन दिवस लागले ना ते करायला? दोन दिवसांत तुझ्या मनात आलं नाही? आणि आडव्या माणसाला नमस्कार घालतात का कुणी? प्रेताला घालतात." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "असू दे. निरोप मिळाला मला. हेरान, ती पेज ने."

हेरान बाहेर येऊन रडली. म्हणाली, "मावशी, तुमचा दोष नाही हो." दोष माझाच होता. परतताना बसमध्ये मी जॅकीट काढून पिशवीत कोंबलं. मला त्या रंगाची लाज वाटत होती.

ओकजूला सांगितलं तर ती माझ्यावर तुटून पडली. "साठी उलटली तुझी! एवढं कळू नये?"

"तू भिंग लावून पाहिलंस ना? तुला तरी कुठे कळलं?"

त्यावर ती जरा नरमली. मग हळूच म्हणाली, "एकदाच चालून थांबेल असं कर ना."

केलं. संगणकावर थांबलं, फोनवर पाठवलं तर पुन्हा सुरू! अक्काच्या त्या जुन्या फोनला थांबणं माहीतच नाही. मी कपाळावर हात मारला. आमचे हे मागे उभे होते. म्हणाले, "थांबवतेस कशाला? एक नमस्कार जित्याला, दोन मेलेल्याला, पण तीन घातले की ते बुद्धाला. आत्तापर्यंत हजार तरी झाले असतील. अक्का बुद्धाच्याही वर पोचली."

मी कात्री उचलली तेव्हा गेले आत.

पण त्यांनी मला हसवलं, आणि हसल्यावर डोकं जरा चालायला लागलं. मी ओकजूचा मूळ व्हिडिओ पुन्हा लावला. आधी मी नमस्कार कापून घेतला होता आणि उठण्यासाठी त्याच्या बसण्याच्याच फ्रेम उलट्या फिरवून जोडल्या होत्या. कारण खरं उठणं त्या व्हिडिओत नव्हतंच. नमस्कार झाल्यावर सान्हो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला होता. हात मांडीवर, नजर खाली. अकरा सेकंद. मग ओकजूने रडता रडता फोन बंद केला होता. ते अकरा सेकंद मी चिंधी म्हणून टाकले होते. काही घडतच नाही ना त्यात!

घडत कसं नाही? वडीलधाऱ्यांना नमस्कार केल्यावर आपण काय करतो? बसतो. ते चार शब्द आशीर्वादाचे बोलेपर्यंत उठत नाही. पोर आशीर्वादाची वाट बघत बसलं होतं, आणि मी मेलीने त्याला मध्येच उठवून परत वाकवलं!

म्हटलं, आता नमस्कार नाही. एकसुद्धा नाही. नुसतं बसणं.

तुम्हाला वाटेल, न हलणारा माणूस म्हणजे सोपं काम. अहो, नाचणाऱ्याचा सांधा नाचात लपतो. गप्प बसलेल्याचा कुठे लपवाल? श्वास आत जाताना झगा छातीवर चढतो, बाहेर येताना उतरतो. तीन श्वास घेतले, एक पापणी लवणं घेतलं, कानाजवळची बट वाऱ्याने हलते ती घेतली. तिसरा श्वास सुटतो तिथेच पहिला जोडायचा होता. सबंध दिवस गेला. कोपऱ्यात माझं नाव घालायला गेले तर ते नेमकं त्याच्या गुडघ्यावर येत होतं. काढून टाकलं. चोरू देत ज्यांना चोरायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. फोन नको म्हटलं, नातीचा मोठ्या पडद्याचा टॅब मागून आणला होता. अक्का भिंतीकडेच. मी खाटेच्या टेबलावर टॅब उभा केला आणि म्हणाले, "अक्का, माझी चूक झाली. त्याने नमस्कार एकच घातला होता, तो तुम्ही पाहिलात. दुसरा मी घालायला लावला. तो आता बसलाय."

मी खुर्चीवर बसले. हेरान संत्री सोलत होती, तिने एक मला दिलं, मी खाल्लं. काही झालं नाही. बुआनची म्हातारी मान उंच करून बघत होती. पाच मिनिटांनी तिला राहवेना.

"अजून बसलाय गं?"

"बसलाय," मी म्हणाले.

"उठत का नाही?"

"मोठ्यांनी काही बोलल्याशिवाय कसा उठेल?"

"ते खरं. बिचाऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या असतील."

अक्काची मान जरा वळली. एक डोळा दिसला. सान्होची पापणी लवली, बट हलली. अक्का बघत राहिली.

"आडवं पडून आशीर्वाद देतात का कुणी?" ती पुटपुटली. मग एकदम खेकसली, "हेरान! संत्री काय सोलतेस, खाट वर कर!"

हेरानच्या हातातलं संत्रं पडलं. खाट वर आली तसा अक्काचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ दाताखाली, पण हूं की चूं नाही. पूर्ण बसल्यावर दम खाल्ला, केसांवरून हात फिरवला. मग पडद्याकडे पाहून बाजारातल्या आवाजात म्हणाली, "बाबा रे, गळा सांभाळ. गार पाणी पिऊ नकोस. चाळिशी आली, लग्नाचं बघ. जा आता, ऊठ."

सान्होने पापणी लववली आणि बसून राहिला.

"कमी पडलं वाटतं," बुआनची म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा उठून बसली, त्याला आणखी चार शब्द द्यायला. तिसऱ्या दिवशी पेज संपवून बसली. त्याच्या आईवडिलांबद्दल विचारलं, मंचावरचे दिवे फार प्रखर आहेत म्हणून तक्रार केली. हेरान मला रोज फोनवर सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. पण डॉक्टर म्हणाले, बसणं झालं, आता उभं राहायला हवं, आणि तिथे अक्का अडली. पाय खाली सोडायला तयार नाही. "बसले ना तुमच्यासाठी? अजून काय हवंय?"

सातव्या दिवशी मी गेले तेव्हा ती टॅबकडे बघत होती. बराच वेळ.

"सुकजे," ती म्हणाली, "सात दिवस झाले. सगळं बोलून झालं माझं. हा उठत का नाही?"

"अक्का, उठतानाचं चित्रच नाहीये. ओकजूने फोन बंद केला तेव्हा तो बसलेलाच होता."

"मग तू कर. तुला येतं ना? बाही दुमडलीस, डोकं कापलंस."

मी करू शकले असते. एकदा उलट्या फ्रेम फिरवल्या होत्याच. पण म्हणाले, "नाही येत, अक्का."

सान्होने तीन श्वास घेतले, पापणी लवली, पुन्हा तीन श्वास.

"म्हणजे मी गेले," ती हळू म्हणाली, "तर हा असाच बसून राहणार. ऊठ म्हणायला कुणी नाही."

मी टॅब तिच्या जरा जवळ सरकवला.

अक्काने पांघरूण बाजूला सारलं. दोन्ही हातांनी आधी दुखरा पाय उचलला आणि खाटेच्या कडेवरून खाली सोडला, मग दुसरा. "त्याचा पुढचा कार्यक्रम कुठाय?"

"जोंजूला. एप्रिलात."

"मग समोर जाऊनच सांगते त्याला. बघत काय राहिलीस? धर मला, आणि चपला दे."

मी तिच्या काखेत हात घातला, हेरानने दुसऱ्या बाजूने धरलं. अक्का उभी राहिली.